घराची किल्ली लेतेब्रहानला

मी, आसलेउग ब्रेक्के, वय एक्याऐंशी, राहणार मुशोएन, पूर्ण शुद्धीवर आणि पोटभर नाश्ता करून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझ्या मिळकतीवर कोणाचा कायद्याने वाटा नाही. भाचा शेटिल याने हे वाक्य दोनदा वाचावे.

१. माझे दिवंगत पती एइनार यांची होडी व खाडीकाठची झोपडी शेटिलला. होडी गळते. त्याला दुरुस्तीची हौस आहेच.

२. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा आमच्याकडे कायदा आहे. शेजारी टोरगेर याला म्हणूनच साक्षीदार केले आहे. माझे बर्फाचे फावडे त्याने मुकाट्याने परत करावे.

३. घर, सामानासकट, लेतेब्रहानला. ती इरिट्रियाहून आली तेव्हा मी नव्या लोकांना नॉर्वेजियन शिकवत असे. आमच्या भाषेत दोन शब्द जोडून एक करतात. जोर पहिल्यावर, दुसरा हलका, पण खाऊन टाकायचा नाही. हे तोंडाने सांगून कोणाला कळले नाही, म्हणून मी लाटण्याने टेबलावर ठोके देई. तिचा पहिला शब्द ‘हूसनॉक्केल’, म्हणजे घराची किल्ली. हूस, नॉक, केल. एक ठोका जोरात, दोन हळू. तेव्हापासून ती माझ्या माळ्यावर राहते, आणि हल्ली मला सांभाळते.

गेल्या नाताळात शेटिल भर पंगतीत तिच्या बोलण्याला हसला. वर म्हणाला, मावशी गेली की माळा रिकामा कर. तिने त्याला मटण मात्र वाढले. मला तो घास गोड लागला नाही.

परवा ती म्हणाली, साक्षीदार म्हणून मी सही करते. मी कायदा सांगितला.

“म्हणजे सही केली की मला काही मिळणार नाही? मग द्या ते पेन, बाई. घरासाठी राहिली, असं कोणी म्हणायला नको.”

मी पेन काढून घेतले. मला रडू आले, तेही इथे नोंदवते.

४. तिच्याकडे किल्ली आहे, तरी ती रोज दार वाजवते: एक जोरात, दोन हळू. मला ते फार आवडते. पण माझ्यामागे हे बंद. स्वतःच्या घराचे दार कोणी वाजवत नाही. तिने किल्ली लावावी आणि आत यावे.

मुशोएन, ९ नोव्हेंबर २०२३
सही: आसलेउग ब्रेक्के

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
मागनहिल्ड लुंडे, निवृत्त परिचारिका
टोरगेर एइडे, शेजारी (फावडे आणून दिले)