पुलावरची खिडकी

४ फेब्रुवारी

संध्याकाळची गाडी पुलावर थांबली. रोजच थांबते. पूल अरुंद, मधे एकाच जागी थोडा रुंद. तिथे समोरच्या गाडीची वाट बघायची. मग दोन्ही ड्रायव्हर आरसे मिटून घेतात आणि गाड्या एकमेकींना घासून जातात – इतक्या हळू की समोरच्या बाईच्या पिशवीतली भाजीसुद्धा ओळखता येते.

ताई समोरच्या गाडीत, तिच्या खिडकीत होती. हात बाहेर काढला असता तर लागला असता. ती समोर बघत होती. मीही.

५ फेब्रुवारी

एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मी तिच्या गावात कामाला – चष्म्याच्या काचा घासते. ती आमच्या गावात, औषधांच्या दुकानात. सकाळी मी तिकडे, ती इकडे. संध्याकाळी उलट. दुपारच्या सुट्टीत ती घरी जाते, आईला जेवायला वाढते. दुकान सुटल्यावर पुन्हा डोकावते, चहा करते, गाडी पकडते. मी पोचते तेव्हा तिचा कप धुऊन पालथा घातलेला असतो. कप तेवढा दिसतो.

बाबा गेल्यावर ती म्हणाली होती, "आईला ठेवून घेतलीस म्हणजे घरही ठेवून घेतलंस." मी म्हटलं, "मग तू ने." तिच्याकडे दोन खोल्या आणि पाच माणसं. नेणार कुठे?

त्याला दोन वर्षं झाली.

७ फेब्रुवारी

ताईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते, आमच्या धंद्यात तेवढं पुरतं. फ्रेम जुनीच, काचा नव्या. डाव्या काडीला दोरा गुंडाळलाय. आमचं दुकान तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर – पण नाही! दुसरीकडून घालून घेतल्या, त्याही धड बसवलेल्या नाहीत.

दिवसभर तो दोरा डोळ्यांसमोर.

८ फेब्रुवारी

नवा पूल सोळा तारखेला सुरू होणार. कंडक्टरबाई खूश. "आता दहा मिनिटं वाचतील."

"वाचवून काय करणार?" ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे मिशीवाले म्हणतात. "स्टँडवर बसून माझ्याशीच भांडणार ना?"

सगळी गाडी हसली. मला हसू आलं नाही. नव्या पुलावर कुणी कुणासाठी थांबणार नाही.

९ फेब्रुवारी

आईला पुलाचं सांगितलं.

"म्हणजे आता तेवढंही नाही," ती म्हणाली. "एकाच घरात येता-जाता आणि भेटता कुठे, तर पुलावर. ऐकेल तो हसेल."

"मग तू बोल तिच्याशी."

"मी टपाल नाही तुमचं."

११ फेब्रुवारी

आई पडली. मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकला. मनगट मोडलं. शेजारच्या काकूंना हाक ऐकू आली म्हणून बरं.

ताई चहा देऊन निघाली होती, मी पोचायची होते. रोजचा तो मधला तास, दोघीही गावात नसतो तो. दोन वर्षांत त्याचा विचार दोघींनीही केला नाही. आज समोरून ट्रॅक्टर आला म्हणून गाड्या पुलावर बराच वेळ अडकल्या. मी ताईच्या खिडकीकडे बघत होते. ती बघत नाही तोवर बघून घेत होते.

आई तेव्हा फरशीवर.

१२ फेब्रुवारी

काकूंनी ताईला रात्रीच फोन केला असणार. सकाळी पुलावर गाड्या समोरासमोर आल्या तर ती उभीच. खिडकी ओढत होती. माझीही अडकलेली. ती काचेमागून काहीतरी म्हणाली. मी माझं मनगट धरून दाखवलं. मग तळवा हलवला – बाकी ठीक आहे. तिने मान हलवली. चष्मा घसरला, तिने तो बोटाने वर केला. तेवढ्यात गाडी सुटली.

दोन वर्षांतलं पहिलं बोलणं.

१४ फेब्रुवारी

आईला घेऊन दवाखान्यात. डॉक्टर वैतागले. "काल बहीण येऊन तेच विचारून गेली. मी दोघींना वेगवेगळं किती वेळा सांगू? यांना आता एकटं ठेवायचं नाही. तासभरसुद्धा नाही. घरी बसून ठरवा."

आई प्लास्टरकडे बघत म्हणाली, "त्या बसत नाहीत, डॉक्टर. आमच्याकडे पाळ्या असतात."

काकू चार दिवस बसते म्हणाल्या आहेत. पुढे काय?

१५ फेब्रुवारी

फोन हातात घेतला. नंबर पाठ आहे. ठेवला.

१६ फेब्रुवारी

नवा पूल. रुंद, स्वच्छ, दोन्ही बाजूंना पांढरे कठडे. समोरची गाडी आली आणि गेली. ताईच्या खिडकीत कोण होतं, होतं की नाही, सांगता येत नाही.

खाली जुना पूल दिसला. त्यावर एक म्हैस निवांत उभी.

दुपारी घरी फोन केला. काकू म्हणाल्या, ताई आज आलीच नाही. जेवण त्यांनीच वाढलं. म्हणजे संपलं. दिवसभरात दोन काचा फुकट घालवल्या.

त्याच दिवशी, रात्री

संध्याकाळी स्टँडवर गाडी लागलेली होती. चढले. माझ्या खिडकीच्या जागेवर रुमाल टाकलेला. शेजारी ताई. पायाशी कपड्यांची मोठी बॅग.

"बस," ती म्हणाली. "मागे लोक खोळंबलेत."

बसले. तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"ही काडी बघ गं. सारखी सुटते."

पर्समध्ये बारीक पेचकस असतोच. दोरा सोडवत बसले. पूल कधी मागे पडला, कळलं नाही.