संध्याकाळच्या अठरा बाटल्या

प्लोव्दिव, १४ नोव्हेंबर

ती. वेलिचका आई यांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार हाताच्या सवयीने लिहिला गेला, मनात नाही. तुमचे फोन मुद्दाम घेत नाही. तोंडातून काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तुमच्या लेकाच्या, झिवकोच्या हाती देते. बस तोच चालवतो, निदान पत्र तरी नीट पोचवेल!

नेवेना तिसाव्या आठवड्यात जन्मली, काचेच्या पेटीत आहे. वॉर्डात आयांना राहू देत नाहीत, म्हणून मी गावी तुमच्या घरात बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळत बसले आणि दर तीन तासांनी यंत्राने दूध काढलं. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, फोनमधल्या ॲपवर वेळ आणि माप. सकाळ-संध्याकाळ बाटल्या झिवकोच्या बसवर नेऊन द्यायच्या तुम्ही. बाटली वॉर्डात पोचली की नर्स नोंद करते आणि माझ्या फोनवर तिच्यापुढे हिरवा ठिपका येतो. सकाळच्या बसच्या बाटल्यांपुढे यायचा. संध्याकाळच्या दोन्हींपुढे कधीच नाही. नऊ दिवस मी नर्सनाच आळशी म्हणत राहिले. परवा इथे येऊन रुम्याना नर्सवर ओरडले, तर तिने आपल्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. संध्याकाळी दूध येतच नव्हतं! पोरीला पावडरचं देत होते. तिचं पोट फुगलं, दोन दिवस नळीनेसुद्धा काही देता आलं नाही.

मग झिवकोला धरलं. तुम्ही त्याला सांगितलंत म्हणे, संध्याकाळी तिला दूध येत नाही, पण तिच्यापाशी बोलू नकोस, जिवाला लावून घेईल. आणि तो बावळट गप्प बसला.

कुठे ओतलंत माझं दूध, आई? द्राक्षवेलीच्या मुळाशी? मी वॉर्डासमोरच खोली घेतली आहे. चाळीस दिवस गेले खड्ड्यात.

लोभ असू द्या म्हणायला जीभ वळत नाही.

इस्क्रा


१५ नोव्हेंबर

चि. सौ. इस्क्रा हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद मनापासून आहे, तुला नको असला तरी.

बाळंतिणीच्या घरातून सूर्य बुडाल्यावर काही बाहेर द्यायचं नसतं. मीठ नाही, विस्तव नाही, दूध तर नाहीच. आणि तुझी बस साडेपाचची, मिट्ट काळोखात. तुला सांगितलं असतं तर फोन पुढे केला असतास, यात असं कुठे लिहिलंय म्हणाली असतीस. या घरात सासू मी की तुझा फोन, तेच कळेनासं झालंय.

झिवकोच्या आधी मला स्तेफ्का झाली होती. तुला ठाऊक नाही, इथे तिचं नाव कुणी काढत नाही. ती एकवीस दिवसांची असताना शेजारणीच्या पोरासाठी मी दिवेलागणीला वाटीभर दूध काढून दिलं. आठवड्यात छाती कोरडी पडली. बकरीच्या दुधावर पोर टिकली नाही. आता हस.

आणि ओतलं म्हणतेस? आईचं दूध मी ओतीन? अठराच्या अठरा बाटल्या फ्रीजरमध्ये आहेत, भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्यांखाली. त्या त्या संध्याकाळीच ठेवल्या, तुझ्या चिठ्ठ्यांसकट. दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येकीला लाल दोरा बांधला. नात घरी आली की पाजीन म्हटलं. झिवकोशी खोटं बोलले, ते चुकलं. पोट फुगल्याचं वाचलं आणि तशीच उठून बर्फाचा डबा शोधायला गेले. पण ओतल्याचा आळ मी विसरणार नाही.

उद्या दुपारच्या बसने, लख्ख उन्हात, बर्फाच्या डब्यात घेऊन येते. डब्यावर तरी राग काढू नकोस.

तुझी संतापलेली सासू,
वेलिचका


१७ नोव्हेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

रुम्यानाने एकेक चिठ्ठी वाचली. एकही बाटली वितळलेली नव्हती. चालेल म्हणाली आणि नोंदी करत गेली. फोनवर अठरा हिरवे ठिपके आले, एकामागून एक. तुम्ही बाहेरच्या बाकावर पाठ करून बसला होतात. मीही हाक मारली नाही.

राग गेलेला नाही. दोन दिवस माझी पोर उपाशी होती, ते मी म्हातारी होईपर्यंत ऐकवणार आहे. संध्याकाळची बाटली आता मीच रस्ता ओलांडून देऊन येते, काळोखात. खुशाल बोटं मोडा. एक लाल दोरा तेवढा नेवेनाच्या पेटीला बांधू दिला आहे.

पण एक गोष्ट रागातही सांगायला हवी, म्हणून हे पत्र. रुम्यानाला मी नीट विचारून घेतलं. दूध कुणाला दिल्याने आटत नाही, आई. काढलं की उलट वाढतं. स्तेफ्का तुमच्या त्या वाटीभर दुधामुळे गेली नाही.

इस्क्रा