उजव्या कानाची खूण

जुन्नर,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इथे बरी आहे. तुम्ही, आई आणि धाकटी आरोही बरी असाल. आपला मेंढरांचा वाडा अजून डिंभे धरणाच्या कडेलाच बसलाय ना? पाणी मागे सरलं की तिथे कोवळं गवत येतं, त्यामुळे मेंढरांचं बरं चाललं असेल. ढवळीच्या खुरातला काटा निघाला का?

फोन केला की तुम्ही ‘धर, तुझ्या लेकीचा हाय’ म्हणून आईकडे देता. म्हणून लिहिते आहे. गेणभाऊ उद्या लोकर न्यायला तुमच्याकडे येणार आहेत, ते पत्र हातातच देतील. तुम्ही सावकाश वाचता, पण पुरं वाचता, एवढं मला माहीत आहे. रविवारचं पुढे लिहिते.

तुम्ही म्हणालात म्हणे, ‘बीएस्सी करून खोकीच ठोकायची व्हती तर सुताराकडंच धाडली असती.’ आईने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. पण खोकी कसली आहेत ते एकदा ऐकून घ्या.

मी ज्यांच्याकडे शिकते ते अमृतदादा फ्लामेंको गिटार बनवतात. ती स्पेनकडच्या नाचगाण्यात वाजवतात. वजनाला हलकी, अंगाने पातळ. वाजवणारा तारा छेडतो आणि मधूनच नखांनी लाकडावर ठोके देतो, आपल्या गजीनाचात ढोलाची थाप पडते तसे. पण आप्पा, तिचा सगळा नाद समोर बसलेल्यांकडे जातो. जो वाजवतो त्यालाच स्वतःचं कमी ऐकू येतं. कॉलेजात ध्वनी शिकले, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आता काही कारागीर गिटारच्या बाजूच्या फळीला, मांडीवर घेतल्यावर जी वर येते तिथे, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे एक भोक ठेवतात. मी त्याला कान म्हणायला लागले, आता दादाही म्हणतात.

नुसतं भोक असलं तरी चालतं. पण लोकांना नक्षी हवी असते. कुणी वेल कोरतो, कुणी चांदण्या. या वेळी गिटार करून घेणारे वादक पुण्याचे आहेत. ते म्हणाले, ‘तिकडची नक्कल नको, तुमच्याकडचं काहीतरी काढा.’

मी आपली कानखूण काढली.

मेंढीच्या कानाएवढं पान, त्याला मागून त्रिकोणी काप आणि टोकाला चीर. आपली कोकरं ओळखू यावीत म्हणून तुम्ही करता तशीच. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही फोन आईकडे दिला असता.

आणि पहिल्याच झटक्याला चुकले. गिटार उभी करून, कोकराला पुढून धरतात तशी धरली होती. आपल्या घरची खूण डाव्या कानाला, म्हणून हात आपोआप तिच्या डाव्या कानाकडे गेला. करवत घालायला बारीक भोक पाडलं, तेवढ्यात दादा ओरडले, ‘अगं बाई, थांब! तिकडून ऐकणार कोण? त्याची मांडी?’

लाकूड नखापेक्षा जेमतेम जाड. करवत लाकडाच्या रेषेवरून घसरली की फळी उभी चिरते.  मग त्याच लाकडाची काडी घालून दादांनीच भोक बुजवलं आणि त्या वादकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘असू द्या, तीळ आहे समजतो.’ मी मात्र पुढचा काप मारताना श्वाससुद्धा धरून ठेवला होता. फळी चिरली नाही. खूण आली. उजव्या कानाला.

परवा बाजाराला आलेले गेणभाऊ कारखान्यात डोकावले. गिटार हातात घेऊन फिरवली आणि इतके मोठ्याने हसले की दादा दचकले.

‘आयला, ही तर लेकीची मेंढी! कुनाच्या घरी धाडताय राव? पावणं कोन?’

दादांना काही कळेना. मी सांगू लागले, की घरच्या मेंढराला डाव्या कानाला खूण, आणि लेकीला द्यायची असेल तिला तीच खूण उजव्या कानाला. ती विकायची नाही, कापायची नाही, लेकीबरोबर जाते. सांगता सांगता मी गिटार गेणभाऊंच्या हातून काढून घेतली. कारण आईने सांगितलंय, तुम्ही माझ्यासाठी एक कोकरू निवडून ठेवलंय आणि रविवारी माझं लग्न ठरवायला येणारे पाहुणे गेले की त्याचा उजवा कान कापणार आहात.

आप्पा, हिराआत्याची मेंढी आठवते? सासरच्यांनी तिच्या त्याच कानात आपला काप मारला होता. कान रक्ताने भरला. आत्या हळद लावत होती आणि हसत सगळ्यांना चहाचं विचारत होती. मला तेव्हा वाटलं होतं, लेकीची खूण अशी मोडायचीच असते.

काल ते वादक येऊन गिटार वाजवून गेले. मध्येच थांबले, कानाशी हात धरला, परत वाजवलं. म्हणाले, ‘इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी वाजवत होतो.’ शनिवारी गिटार त्यांच्याकडे जाईल. दादा म्हणतात, यापुढे कारखान्याच्या प्रत्येक गिटारला हाच कान करू आणि आत तुझं नाव घालू. मी म्हटलं, खूण माझी नाही, आप्पांना विचारते. तेव्हापासून हातात काम टिकत नाही. तीच फळी तासते, ठेवते, परत घेते.

रविवारी मी येणार नाही.

मुलगा वाईट नाही. पण त्याची आई आपल्या आईला म्हणाली, ‘लगीन झाल्यावर लाकडाचं याड सुटंल तिचं.’ आणि आई गप्प बसली. तुम्हीही गप्प बसलात. मला वेड असेल तर ते तुमच्याकडूनच आलंय. कोकरू मांडीत धरून तुम्ही कापाआधी किती वेळ त्याचा कान नुसता चाचपत बसायचात, ते मी बघत मोठी झाले.

पाहुण्यांना रविवारी थांबायला सांगा, नकार मी आल्यावर स्वतः जाऊन सांगेन. तुमची मान खाली जाईल असं नाही बोलणार. आईला रागावू नका, तिला यातलं काही माहीत नाही.

तुम्हाला परत लिहायला नको, फोनवर बोलायलाही नको. ही खूण मी वापरावी असं वाटत असेल, तर त्या कोकराचा उजवा कान तसाच राहू द्या. मी पुढच्या आठवड्यात येईन ती आधी मेंढरांत जाईन, मग घरात. कान कापलेला दिसला तर ही नक्षी पुन्हा कुठल्याही लाकडावर काढणार नाही. पण लग्नाचं माझं उत्तर तरीही हेच राहील.

माझी मेंढी शनिवारी निघते आहे. तिच्या कानात दुसऱ्या कुणाचा काप पडणार नाही, एवढं मी बघितलं आहे.

तुमची, उजव्या कानाची,
ऋतिका