ग्रहाची अंधारी बाजू

आई, वाकून नमस्कार.

"तू मोठी, तुला कळतं," असं एकदा म्हणून तू धाकटीला कुशीत घेतलंस. ते अजून आठवतं.

मी मजेत आहे. दुर्बिणीवर सव्वाचार प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाचं काम चालू आहे. त्याचं वर्ष जेमतेम अकरा दिवसांचं. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, दुसरीला उजेडच नाही. मला उगाच त्या दुसरीचा कळवळा येतो.

गुडघा कसा आहे? तेल धाकटीच चोळते ना? तुला दिसेनासं झाल्यापासून तुझी पत्रंही तिच्याच अक्षरात येतात.

धाकटे, हेही तूच वाचून दाखवतेयस. आता कागद आईच्या हातात दे आणि घटकाभर बाहेर जा. तिला वाचता आलं नाही तरी चालेल. जाणार नाहीस, ठाऊक आहे.

तुझी पहिली