नियोजनाशिवाय देव भेटत नाही

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण मोठं काम हाती घेतलं आहे. आईला दक्षिणेतल्या त्या डोंगरावरच्या देवळात दर्शनाला न्यायचं. बाबा होते तेव्हापासून तिच्या मनात आहे. दरवर्षी मी म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की. तर ते पुढचं वर्ष आता आलेलं आहे. आई म्हणाली, गुडघे चालतायत तोवर ने रे बाबा. मी म्हटलं, निर्धास्त राहा. खोके बनवणाऱ्या कंपनीत मालाच्या डिस्पॅचचं सगळं प्लॅनिंग मी बघतो. एवढे ट्रक रवाना करणाऱ्याला एक आई जड नाही. ट्रक उशिरा पोचतात, तो ड्रायव्हर लोकांचा दोष.

५ जानेवारी
ताईचा फोन. म्हणे, ह्यांना तिकिटं काढायला सांगू का? नम्रपणे नकार दिला. भावोजी माणूस लाख, पण पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं दुकान चालवतात. पंप बिघडला की उघडायचा, हा त्यांचा खाक्या. मी आधी अभ्यास करतो. ऑफिसातून येताना निळी फाईल आणली. विभाग पाडले. प्रवास, मुक्काम, दर्शन, पोशाख, संकीर्ण.

११ जानेवारी
'संकीर्ण' भरून झाला. बाकीचे उद्या.

१९ जानेवारी, सकाळी
फिटनेस. देवळाला पायऱ्या आहेत. आईला सवय व्हावी म्हणून रोज बिल्डिंगचा जिना चढायचा, दोघांनी. आज शुभारंभ. नेतृत्व माझं. मधल्या मजल्यावर आईला विश्रांती दिली. ती उभी होती, मी बसलो होतो. मग ती गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालून आली आणि येताना मला खाली घेऊन आली. आईचा स्टॅमिना समाधानकारक आहे. उद्यापासून जिन्याची गरज नाही.

२ फेब्रुवारी
भाषेची तयारी. मोबाईलवरून 'पिण्याचं पाणी कुठे मिळेल' हे त्या भाषेत पाठ केलं. उच्चार उत्तम. कॅन्टीनचा आचारी तिकडचाच, त्याला म्हणून दाखवलं. त्याचा चेहरा खुलला. बराच वेळ बोलला बिचारा, घरचंही काहीतरी सांगत असावा. मला ओ की ठो कळलं नाही. शेवटी त्याने हाताला धरून कूलरपाशी नेलं. म्हणजे वाक्य चालतं.

१४ फेब्रुवारी
गाभाऱ्याजवळ पुरुषांना उघड्या अंगाने, धोतर नेसून जावं लागतं असं वाचलं. हॉलमध्ये सराव केला. छान जमलं होतं. नेमका कुरिअरवाला आला. सही करायला एक हात लागतो आणि पाकीट घ्यायला दुसरा, हे आधी लक्षात आलं नाही. समोरच्या काकूंनी दार लावून घेतलं. फाईलमध्ये नोंद केली: कमरेला पट्टा आवश्यक.
संध्याकाळी हिने विचारलं, तिकिटं काढलीत का? बायकांना शेवटची पायरी आधी दिसते. म्हटलं, पाया घालतोय. ही म्हणाली, देऊळ बांधायचंय की बघायचंय?

९ मार्च
आज तिकिटं काढायला बसलो. गाड्या भरलेल्या. दर्शनाची ऑनलाइन नोंदणीही उघडून संपलेली. मी पोशाख विभागात होतो तेव्हा. इतकी घाई लोकांना कशाला असते कळत नाही.
जेवताना जाहीर केलं की यंदा घिसाडघाई नको, पुढच्या वर्षी निवांत जाऊ. पुढे ढकलणं हाही प्लॅनिंगचाच भाग आहे. आई म्हणाली, बरं. पानातलं संपवलं आणि टेबलाला धरून हळूहळू उठली. टेबल डगमगलं. सुताराला बोलवायला हवं.

१० मार्च
हिने ताईला सांगितलं. ताईने भावोजींना. संध्याकाळपर्यंत सगळं झालं. भावोजींनी म्हणे थेट देवस्थानाच्या चौकशी कक्षाला फोन केला. वयस्कर भाविकांची वेगळी रांग असते, तिच्यात सोबतीला एकाच माणसाला सोडतात. बाकीच्यांनी मोठ्या रांगेतून यायचं. तिकिटंही कुठल्या कुठल्या कोट्यातून मिळवली. हे काहीच माझ्या फाईलमध्ये नाही, म्हणजे पद्धतशीर नाही. पण मोठ्या मनाने मान्यता दिली.
आईबरोबर रांगेत कोण, यावर चर्चाच झाली नाही. आई म्हणाली, हा येईल माझ्याबरोबर. त्यावर मी दोनदा पाणी प्यायलो. आनंद झाला की मला तहान लागते.

२६ मार्च
साहेबांकडे रजा मागायला गेलो. औपचारिकताच. साहेब म्हणाले, त्या आठवड्यात तर गोदामाची वार्षिक मोजणी आहे. म्हटलं, ही तारीख ठरवली कुणी? म्हणाले, तुम्हीच. जानेवारीत. प्रमुख म्हणूनही तुमचंच नाव घातलंत, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही म्हणालात.
आठवलं. बदली माणूस शोधला. सगळे रजेवर. ज्याच्या त्याच्या रजेवर शिफारस माझीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
घरी सांगितलं. आई म्हणाली, मग माझ्याबरोबर रांगेत कोण? तिकिटं द्यायला आलेले भावोजी म्हणाले, मी आहे ना.

३ एप्रिल
मंडळी निघाली. स्टेशनवर आईला फाईल दिली आणि कोणता विभाग कधी उघडायचा ते समजावलं. तिने मान डोलावली. गाडी सुटेपर्यंत त्या फाईलनेच वारा घेत होती. उपयोगी पडली.

५ एप्रिल, दुपारी
गोदामातून ग्रुपवर सूचना पाठवतोय. पाणी पीत राहा. पट्टा विसरू नका. ताईचा निरोप आला, उंटावरून शेळ्या हाकणं पुरे, फोन बाहेर जमा करतोय. मी चौकोनी खोके मोजत होतो, आकडा विसरलो. पुन्हा पहिल्यापासून. आई आता रांगेत असेल.

८ एप्रिल
आले. आईचा चेहरा इतका उजळलेला बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. हिने सांगितलं, आमची मोठी रांग आईच्या रांगेला लागूनच होती, तिथे एका बाईने आईला विचारलं, कुणाबरोबर आलात? आई म्हणाली, माझ्या मुलाने आणलं.
मला भरून आलं. पाया कुणी घातला ते आईला कळतं. तसं बोलूनही दाखवलं. मग ताई म्हणाली, अरे, तेव्हा आईचं बोट ह्यांच्याकडे होतं. भावोजी कानकोंडे झाले आणि दुकानात काहीतरी काम आहे म्हणून उठून गेले.
वाईट वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.
आईच्या खोलीत गेलो. ती गुडघ्याला तेल लावत होती. विचारलं, खरं का गं? म्हणाली, अरे, धक्काबुक्की होती, ज्याने हात धरला होता त्याच्याकडे बोट केलं. तू असतास तर तुझ्याकडे केलं असतं.
तेलाची वाटी तिच्या हातातून घेतली, खाली बसलो आणि गुडघा चोळायला लागलो. बराच वेळ चोळला. आईने डोळे मिटून घेतले होते. मग हळूच म्हणाली, बरं वाटतंय हो, पण दुखतोय तो दुसरा.