मधलं फाटक

प्रिय ज्योती,

तू गंधारकडे पुण्याला गेल्यापासून कापडबाजारात फिरकली नाहीस, म्हणून आधी तिकडची बातमी. आपल्या ओळीत आता आपल्या दोन दुकानांवरचा लाकडी सज्जा तेवढा उरला आहे. बाकी सगळीकडे चकचकीत पत्रे आणि दिव्यांच्या पाट्या. गेल्या महिन्यात व्यापारी मंडळींना सुशोभीकरणाचा झटका आला. मी ह्यांना घेऊन दवाखान्यात गेले होते. परत येऊन पाहते तर सज्ज्याच्या सागवानाला तपकिरी ऑइलपेंट! रंगारी सहादेव, काष्टी गावचा, मोठ्या कौतुकाने म्हणतो, "काकू, आता कसं लाकडावानी दिसतंय!" अरे बाबा, ते लाकूडच आहे! हसावं की रडावं कळेना. मग पॉलिशपेपर घेऊन खरवडत बसले. माझी बाजू झाल्यावर तुझीही खरवडली, अर्धवट सोडवेना. मनगटं अजून ठणकताहेत. हे म्हणतात, किती हट्ट करशील?

खरवडताना सज्ज्यातलं, तुझ्या-माझ्या बाजूंमधलं फाटक हाताशी आलं. मोहरमची सवारी बघायला तुमच्याकडे सासरे, दीर, पाहुणे सगळे पुढे उभे राहायचे, आणि तुला मागून नुसत्या पाठी दिसायच्या. मग तू गुपचूप फाटकातून माझ्याकडे यायचीस. दोघी नव्या सुना, हसू आवरायचं नाही. एरवीही दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेंगदाण्याच्या चटणीची वाटी इकडून तिकडे जायची. त्या फाटकाला आपण कधी कडी लावली नाही.

माझ्या बाजूला तेल लावून झालं, आणि त्याच दिवशी गंधार आला. गुणी पोरगा, वाकून नमस्कार केला. तुमच्या जागेत त्याला काचेचं शोरूम करायचं आहे. सज्ज्याची तुळई एकच, तुमची बाजू उतरवली की माझीही राहत नाही, म्हणून त्याला माझी सही हवी. मी नको म्हणाले. तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, की मावशी, आईची काही हरकत नाही. त्या दिवसापासून तेलाचा डबा तसाच पडून आहे.

मी दमले आहे गं. सज्जा जायचा तर जाईल, तो काही देवळाचा गाभारा नाही. पण इतकी वर्षं मी तो दोघींचा म्हणून सांभाळला, आणि तुझी हरकत नाही हे मला तुझ्या मुलाकडून कळावं, याचं फार वाईट वाटलं. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. सोमवारी गंधार कागद घेऊन येणार आहे. त्याआधी तू स्वतः मला काय ते सांग. हरकत नसेल तर मी सही करीन, रागावणार नाही. असेल तर ये. तुझ्या बाजूला तेल लावायचं राहिलं आहे.

फाटकाच्या अलीकडची,
तुझीच सुचित्रा