कडब्याखालची फटफटी

नेवासा, ६ नोव्हेंबर १९७२

चि. गं. भा. मुक्ताबाई हीस गहिनीनाथाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाटले, दुसऱ्याच कुणाचे चुकून माझ्याकडे आले. तुझ्या आप्पासाहेबांची फटफटी दुरुस्त करून तू स्वतः चालवणार! दोन वर्षांमागे ते काविळीने गेले, तेव्हापासून ते धूड गोठ्यात कडब्याखाली पडले आहे. चालू होते तेव्हाही अर्धी वाट ते त्यावर बसत नि अर्धी वाट ढकलत. लष्कराने लिलावात काढलेली वस्तू ती. रणगाडे सांभाळणाऱ्यांनाही नकोशी झालेली.

दुष्काळी कामाच्या खडीकेंद्रांवर कॉलऱ्याची लस टोचायला जायचे तर वाहन नाही, म्हणून हा उपद्व्याप, असे लिहितेस. मग नोकरी सोड. हंगामी नर्सची नोकरी ती काय! इकडे ये. तुझ्या वहिनीची, गोजरबाईची कंबर धरली आहे, स्वयंपाकघराला माणूस हवेच आहे. तुझ्या सासूबाईंना त्यांचे पुतणे बघतील. बाजारच्या दिवशी श्रीमंत भंगारवाला फटफटी न्यायला येईल. त्याला सांगून ठेवले आहे.

माया आहे तशीच आहे. तिचा गैरफायदा घेऊ नये.

गहिनीनाथ


घोडेगाव, १९ नोव्हेंबर १९७२

ती. दादांस मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा श्रीमंत आला नि हात हलवत गेला. सासूबाई दारात आडव्या झाल्या. म्हणाल्या, की माज्या लेकाची गाडी हाय, न्यायचीच आसंल तर आदी मला उचलून न्या. त्यांचं वजन बघून तो चहालाही थांबला नाही.

स्वयंपाकघराला माणूस हवं आहे, हे कळलं. बहीण हवी आहे असं लिहिलं असतंत, तर मीही दोनदा वाचलं असतं. दोन वर्षांत तुम्ही इकडे एकदाच आलात, तेही बाजारात बैल बघायला. आणि कार्डावर गं. भा. लिहीत जाऊ नका. पोस्टमन वेशीपासून मोठ्यानं वाचत येतो.

विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारे नूरमहंमद मिस्त्री सध्या रिकामेच आहेत, विहिरीच कोरड्या. त्यांनी फटफटी खोलली. पिस्टन गच्च बसला होता, तो रॉकेल ओतून चार दिवस ठेवला. सायलेन्सरमधून उंदरांचं बिऱ्हाड निघालं, पिलांसकट. कार्बोरेटर मी धुतला. त्यातलं बारीक भोक घोड्याच्या शेपटीच्या केसानं मोकळं केलं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नगरला दुरुस्तीला गेला आहे.

डॉक्टरसाहेब म्हणतात, की महिन्याभरात चारही खडीकेंद्रं झाली नाहीत तर जागा दुसरीला. एकेक केंद्र पायी आठ-नऊ मैल. तुम्ही हेडमास्तर आहात, हे गणित सोडवून पाहा.

लोभ किती करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. सल्ला मात्र आवरता घ्या.

मुक्ता


नेवासा, १२ डिसेंबर १९७२

चि. मुक्तास आशीर्वाद.

धूड सुरू झाले म्हणे. बाजाराहून आलेले तीन पालक शाळेत येऊन वर्णन करून गेले. तू काष्टा मारून बसलेली, मागे धुराचा लोट, पुढे दावी तोडून पळणाऱ्या म्हशी. मग तू ओढ्यात पडलीस, तेही त्यांनी हसत सांगितले. मी विषय बदलला.

घराण्यात आजवर कुणी तमाशा उभा केला नव्हता. यापुढे माझ्या दारी येणे झाले तर एस.टी.ने यावे.

आशीर्वाद आहेत. अभिमान नाही.

गहिनीनाथ


घोडेगाव, १४ जानेवारी १९७३

ती. दादांस न. वि. वि.

मी पडले ती वाळूत. ओढ्याला पाणी असतं, तर तुमच्या पालकांनी आधी पाण्याची बातमी दिली असती.

सुरू झाली त्या दिवशीचं सांगते. सत्तावीस किका वाया गेल्या. एका किकेनं उलटून नडगी फोडली. पुढच्या किकेला ती अशी दणाणली, की सासूबाई घरातून पाण्याचा तांब्या भरून बाहेर आल्या. लेकासाठी आणायच्या तसाच. मला बघितलं नि उंबऱ्यातच बसल्या. मग म्हणाल्या, की तू पी.

चारही केंद्रं झाली. जागा राहिली.

परवा नेवाशाकडच्या वस्तीवर लस टोचायची होती. तुमच्या शाळेपुढून जाताना थांबले. ओट्यावर तुमच्याबरोबर चार मंडळी होती. त्यांनी विचारलं, ही कोण. तुम्ही माझ्याकडे बघत सांगितलंत, की सरकारी नर्स दिसते, टोचायला आली असेल. मी फटफटी बंद केली होती, दादा. शब्द न् शब्द ऐकू आला.

म्हणून पेटी उघडली. चौघांना टोचलं, शेवटी तुम्हाला. रजिस्टरासाठी नाव विचारलं, तेव्हा तुम्ही खाली बघत पूर्ण सांगितलंत. वडिलांचं नाव लिहिताना माझं पेन थांबलं. तेवढं तरी तुम्हाला गाळता आलं नाही.

सुई मुद्दाम बोथट घेतली नव्हती. चार दंडांनंतर ती होतेच.

आपली,
सरकारी नर्स


नेवासा, २५ जानेवारी १९७३

चि. मुक्तास आशीर्वाद.

दोन दिवस ताप होता. दंड अजून ठणकतो. गोजरबाईने शेक दिला नाही. बरे झाले म्हणाली.

दुसरी सुई महिन्याने असते, असे तू जाताना सर्वांना बजावले होतेस. त्या दिवशी तीच मंडळी ओट्यावर असतील. कोण येणार आहे, ते मी त्यांना आजच सांगितले. नात्यासकट सांगितले.

जेवायला थांब. फटफटी मात्र शाळेपासून लांब उभी कर. तिचा आवाज अगदी भिकार आहे.

दादा